औलावरचा मुरांबा ते कुकरातला जॅम



आज जॅमचा इतिहास सांगायचा आहे. इतिहास म्हटलं की राजे, लढाया आणि सनावळ्या आठवतात. सनावळ्या थोड्या येतील, पण आधी आमच्या १८ बाटल्यांची गोष्ट ऐका. त्या बाटल्या बिघडल्या नसत्या तर आम्ही या इतिहासाच्या वाटेला गेलोच नसतो.

झालं असं की आमच्या शिवारात एका शेतकऱ्यानं हिवाळ्यात स्ट्रॉबेरी लावून पाहिली. अर्ध्या एकराचाही तुकडा नव्हता. चांगली फळं डबीत भरून शहरात गेली, मऊ पडलेली राहिली. ती ३ किलो फळं त्यानं आमच्या गटाला स्वस्तात दिली. त्याच सुमारास गटातल्या एका ताईंच्या लेकीनं पुण्याहून स्लो कुकर आणला होता. हा शिट्टीचा कुकर नव्हे. आत जाड मातीचं भांडं, भोवती विजेची तार, वर काचेचं झाकण. बटण लावून सोडून द्यायचं, सात-आठ तास मंद मंद शिजत राहतं. सोबतच्या कागदावर लिहिलं होतं की स्वयंपाक लावा आणि कामाला जा.

आम्ही तसंच केलं. ३ किलो स्ट्रॉबेरी, २ किलो साखर, झाकण लावलं आणि सगळ्याजणी खुरपायला गेलो. संध्याकाळी येऊन पाहिलं तर लालभडक रस, घरभर वास. पाव किलोच्या १८ बाटल्या भरल्या. एवढ्या निघतील असं कुणाला वाटलं नव्हतं, म्हणून फार आनंद झाला. ११ बाटल्या आठवडी बाजारात त्याच दिवशी खपल्या. तेराव्या दिवशी पहिली बाटली परत आली. वर पांढरी बुरशी, आत फेस. मग एकेक करून सगळ्याच आल्या. पैसे परत दिले. रक्कम मोठी नव्हती, पण ज्या वहिनींनी आमच्याकडून दोन बाटल्या घेतल्या होत्या, त्यांनी पुढच्या बाजारी आमच्याकडं बघितलंही नाही. ते फार लागलं.

बैठकीत जो तो दुसऱ्याकडं बोट दाखवू लागला. बाटल्या नीट उकळल्या नाहीत, साखरच खराब होती, लाइट गेली होती. गटातल्या सगळ्यात वयस्कर आक्का बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, “पाणी कुठं गेलं ते सांगा की. कुठंच गेलं नाही. झाकणाला लागलं आन् परत आतच पडलं. तुम्ही शिजवलंच नाही, नुसतं तापवलंय.”

आक्का हे कुठं शिकल्या? औलावर.

नव्या सुनांना औल माहीत नसेल, म्हणून सांगतो. मातीच्या चुलीला बाजूला एक दुसरं तोंड असतं. खाली जाळ नसतो, चुलीतली धग तेवढी तिकडं जाते. कुणी त्याला वैल म्हणतं, कुणी औल. भाकरी चुलीवर व्हायची आणि वरण, दूध, हुलग्याचं माडगं औलावर. तिथलं भांडं उतू जात नसे आणि करपतही नसे. भाकऱ्या झाल्यावर त्याच धगीवर साखरांबा किंवा गुळांबा ठेवायचा, तो दुपारपर्यंत मुरत राहायचा. गावात लाकडाचा भुसा मिळत असेल तर भुश्याची शेगडी. डब्यात भुसा दाबून भरायचा, मधे भोक ठेवायचं, एकदा पेटवली की तासन् तास मंद जळायची. आता सांगा, स्लो कुकर आपल्याला नवा होता का?

पण आक्कांनी एक फरक सांगितला. औलावर वरण ठेवलं की झाकण, गुळांबा ठेवला की झाकण नाही. वरून पातळ फडकं टाकायचं, मुंग्या-माश्या जाऊ नयेत म्हणून. पाणी वाफ होऊन गेलं पाहिजे. गेलं की नाही ते कसं कळायचं? दोन बोटांत पाक घेऊन तार बघायची. एकतारी, दोनतारी. थर्मामीटर नव्हता, वजनकाटा घरात नव्हता, पण तार चुकत नव्हती. कारण चुकली तर वर्षभराचा साठा गेला आणि सासू वर्षभर बोलणार!

मुरांबा हा शब्दही लांबून आलेला आहे. आपल्याला वाटतं ‘मुरलेला आंबा’ म्हणून मुरांबा. पण मूळ अरबी शब्द ‘मुरब्बा’. सांभाळलेलं, वाढवलेलं, जपून ठेवलेलं असा त्याचा अर्थ. फारसी-उर्दूतून तो इकडं आला. आपला मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हैदराबादच्या निजामाच्या राज्यात होता, कचेरीची भाषा उर्दू होती. त्यामुळं आपल्याकडं मुरांबा आणि मुरब्बा हे दोन्ही शब्द शेजारी शेजारी नांदले. आंब्याचा तो मुरांबा, हकिमानं सांगितलेला आवळ्याचा तो मुरब्बा. आयुर्वेदातले अवलेह, च्यवनप्राश हेही त्याच जातीचे. मंद आच, गोडी आणि पाणी आटवणं.

गोडी मात्र प्रत्येक घराची वेगळी होती, आणि ती पैशावर ठरत होती. लातूर ही गुळाची नावाजलेली पेठ. आपल्या भागात गूळ मिळायचा, साखर महाग. बिलोलीच्या पलीकडं बोधनला १९३७ च्या सुमारास निजाम शुगर फॅक्टरी सुरू झाली, एके काळी तिची गणना आशियातल्या मोठ्या कारखान्यांत व्हायची. पण कारखाना शेजारी आला म्हणून साखर गरिबाच्या डब्यात आली असं नाही. स्वातंत्र्यानंतरही कित्येक वर्षं साखर रेशन कार्डावर मोजून मिळे. म्हणून ज्यांच्या घरी साखरांबा व्हायचा ते घर वेगळं आणि ज्यांच्या घरी गुळांबा व्हायचा ते वेगळं. आमच्या गटातल्या दोघी-तिघी तर म्हणाल्या, आमच्याकडं दोन्ही नव्हतं, आम्ही दुसऱ्याच्या घरी ढवळायला जायचो आणि पातेलं खरवडून वाटीभर आणायचो. हाही इतिहासच आहे, आणि तो लिहून ठेवला पाहिजे असं आम्हाला वाटतं.

आता साखरेचं काम समजून घेऊ, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. साखर नुसती गोडीसाठी नसते. ती पाणी धरून ठेवते. पुरेशी साखर आणि कमी पाणी असलं की बुरशीला प्यायला पाणीच मिळत नाही, म्हणून ती वाढत नाही. जॅममध्ये १०० भागांत ६५ भाग तरी साखर आणि फळाचा गर असे विरघळलेले घटक हवेत. आमचा हिशोब काढला. २ किलो साखर आणि ३ किलो स्ट्रॉबेरीतला पाव किलोच्या आसपास कोरडा ऐवज, म्हणजे सव्वादोन किलो. १८ बाटल्या म्हणजे साडेचार किलो माल. सव्वादोन भागिले साडेचार, म्हणजे निम्मं. निम्मं पाणी! खरं तर त्या मालाच्या १३-१४ बाटल्याच निघायला हव्या होत्या. वरच्या चार बाटल्यांत आम्ही जॅमच्या नावानं पाणी विकलं होतं. आनंद झाला तो त्या पाण्याचा.

फळ बाटलीत टिकवायची दुसरी युक्ती फ्रान्समधली. लढाईवरच्या फौजेला खाऊ घालायचं कसं, या चिंतेत तिथल्या सरकारनं, नेपोलियनच्या काळात, निकोला अपेर नावाच्या मिठाईवाल्याला १२,००० फ्रँकचं बक्षीस दिलं. त्यानं काचेच्या बाटल्या भरून, बूच घट्ट लावून उकळत्या पाण्यात ठेवायची रीत शोधली होती आणि १८१० मध्ये पुस्तक लिहून सगळ्यांना सांगितली. जंतू म्हणजे काय हे तेव्हा त्यालाही ठाऊक नव्हतं. आज आपण रिकाम्या बाटल्या उकळून घेतो आणि गरम जॅम गरम बाटलीतच भरतो, त्यामागं तेच आहे.

स्ट्रॉबेरीची हकिकत तर मजेशीर आहे. आज आपण खातो ती मोठी स्ट्रॉबेरी रानात कुठं उगवत नाही. १७१४ साली फ्रेझिए नावाचा फ्रेंच इंजिनिअर दक्षिण अमेरिकेतल्या चिलीहून मोठ्या फळाची रोपं जहाजातून घेऊन आला. पिण्याचं पाणी मोजून मिळणाऱ्या जहाजावर त्याची मोजकीच रोपं जगली. पण फ्रान्समध्ये लावल्यावर फळ धरेना, कारण त्यानं आणलेली सगळी मादी रोपं होती. शेवटी शेजारी उत्तर अमेरिकेची छोटी स्ट्रॉबेरी लावली, तिचं परागण झालं आणि आजची स्ट्रॉबेरी जन्माला आली. आपल्या राज्यात ती इंग्रजांच्या काळात महाबळेश्वरला आली. थंड हवा, लाल माती, तिथं ती रुजली. महाबळेश्वर-पाचगणीच्या पट्ट्यात फळ इतकं पिकू लागलं की जॅम-सरबताचे कारखाने निघाले. पाचगणीचा मॅप्रो १९५९ चा. २०१० मध्ये महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला भौगोलिक मानांकन मिळालं, जसं पुढं २०१६ मध्ये आपल्या मराठवाड्याच्या केशर आंब्याला आणि बीडच्या सीताफळाला मिळालं.

१९५९ हेच साल लिज्जत पापडाचंही. मुंबईत गिरगावच्या चाळीत सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन सुरू केलेलं काम. ती गोष्ट आपल्या सगळ्या गटांना पाठ आहे, म्हणून परत सांगत नाही.

त्याऐवजी एक वेगळी गोष्ट सांगतो, जी आम्हालाही नवी होती. इंग्लंडच्या खेड्यांत बायकांचे गट होते, विमेन्स इन्स्टिट्यूट नावाचे. पहिला गट निघाला कॅनडात, १८९७ मध्ये, आणि ब्रिटनमधला पहिला १९१५ मध्ये वेल्समधल्या एका खेड्यात. महिन्याची बैठक, हिशोबाची वही, एकमेकींना शिकवणं. आपल्यासारखंच. दुसरं महायुद्ध सुरू झालं आणि १९४० मध्ये साखरेवर रेशन आलं. गावोगाव झाडाखाली फळं सडू लागली, कारण टिकवायला साखर नाही. तेव्हा सरकारनं या गटांना साखर दिली आणि सांगितलं, जॅम करा. गावच्या सभागृहात, शाळेत, कुणाच्या स्वयंपाकघरात केंद्रं सुरू झाली. १९४० ते १९४५ या काळात त्यांनी ५,३०० टनांहून जास्त फळं वाया जाऊ दिली नाहीत. टन म्हणतोय आम्ही, किलो नव्हे. जॅम रेशनवर विकला जायचा. ज्या बायका पातेल्यापाशी उभ्या होत्या, त्यांचं ते काम देशसेवा म्हणून होतं, हजेरी लावून नव्हे.

हे वाचताना आम्हाला किल्लारी आठवली. ३० सप्टेंबर १९९३ चा भूकंप. घरं परत बांधायच्या कामात लातूर-उस्मानाबादच्या गावांतल्या बायकांना ‘संवाद सहायक’ म्हणून पुढं आणलं गेलं, स्वयं शिक्षण प्रयोग ही संस्था त्या कामात होती. ज्या बायका ग्रामपंचायतीच्या पायरीवर चढल्या नव्हत्या त्या सिमेंटच्या गोण्या मोजू लागल्या. पुढं त्यातून बचतीचे गट उभे राहिले. संकट आलं की बायकांच्या गटाची आठवण होते, हे इंग्लंडातही तसंच आणि आपल्याकडंही तसंच. संकट सरल्यावर त्या कामाचे पैसे किती आणि कुणाला, हा प्रश्न मात्र मागं पडतो.

आता त्या कुकराचा इतिहास. अमेरिकेत आयर्विंग नॅक्सन नावाचा माणूस होता. त्याच्या आईचं माहेर युरोपातल्या विल्ना गावचं. ती ज्यू होती. त्यांच्यात शनिवारी चूल पेटवायची नाही, असा नियम. म्हणून शुक्रवारी संध्याकाळी धान्य, शेंगदाण्यासारख्या दाण्यांची आणि मटणाची हंडी भरायची आणि लहान मुलींनी ती गल्लीतल्या पाववाल्याकडं नेऊन द्यायची. पाववाल्याची भट्टी रात्रभर निवत जायची आणि त्या उतरत्या धगीवर हंडी शिजायची. आईच्या तोंडून ही गोष्ट ऐकून नॅक्सननं विजेची हंडी केली आणि १९४० मध्ये तिचं पेटंट मिळवलं. १९७० मध्ये रायव्हल कंपनीनं त्याचा धंदा विकत घेतला आणि पुढच्या वर्षी ‘क्रॉक-पॉट’ नावानं ती बाजारात आणली. नोकरीला जाणाऱ्या बायकांना सांगितलं, सकाळी लावा, संध्याकाळी खा. लाखांनी खपली.

आपल्या देशातही हा विचार आधीच झाला होता. बंगालमधल्या डॉ. इंदुमाधव मल्लिक यांनी १९१० मध्ये ‘इकमिक कुकर’ केला. खाली कोळसा, वर डब्यांची उतरंड, तासाभरानं भात-वरण-भाजी तयार.

विल्नाच्या त्या हंडीचं पेटंट झालं, आपल्या औलाचं कुणी केलं नाही. पण आम्हाला त्याहून दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटली. ती हंडी जेवणासाठी होती. दाणे आणि मटण शिजायला रस आतच राहावा लागतो, म्हणून तिला घट्ट झाकण. औलावरचं वरणही झाकलेलंच असायचं. जॅमचं काम उलटं. वरणाच्या यंत्रात गुळांबा करायचा तर यंत्राला गुळांब्याची रीत शिकवावी लागते. कंपनीच्या कागदावर ती नव्हती, आक्कांकडं होती.

मग दुसरी खेप केली. तुम्हाला करायची असेल तर रीत अशी. ३ किलो स्ट्रॉबेरी आधी धुवायची, मग देठ काढायचे. उलट केलं तर फळ पाणी पितं. २ किलो साखर वर पसरून रात्रभर झाकून ठेवायची, आपोआप रस सुटतो. सकाळी ५-६ लिंबांचा रस घालायचा. लिंबू कशाला? फळात पेक्टिन नावाचा चिकट पदार्थ असतो, जॅम घट्ट बसतो तो त्यानं. स्ट्रॉबेरीत तो कमी आणि आंबटपणाशिवाय तो धरत नाही. पेरूत भरपूर असतो, म्हणून आम्ही दोन कच्चे पेरू किसून घातले. आक्कांनी नाक मुरडलं, पण चव बिघडली नाही. कुकर मोठ्या आचेवर, पहिले दोन तास झाकण लावून, फळ मऊ पडेपर्यंत. मग झाकण काढायचं आणि फडकं टाकायचं, पण ते ताणून बांधायचं, आत पडता कामा नये. पुढचे पाच तास दर पंधरा-वीस मिनिटांनी तळापासून ढवळायचं. कुकरची आच पाकाला पुरी पडत नाही, म्हणून शेवटी पसरट पातेल्यात ओतून गॅसवर दहा-पंधरा मिनिटं मोठा जाळ. इथं हात थांबवायचा नाही. थंड ताटलीत थेंब टाकून बोटानं ढकलला की सुरकुती पडली पाहिजे. आणि सगळ्यात खात्रीचं, वजन. ५ किलो चढवलं तर साडेतीन किलोच्या आत उतरलं पाहिजे.

१४ बाटल्या निघाल्या. पहिल्या खेपेपेक्षा चार कमी. या वेळी कुणी हळहळलं नाही. चार महिने फळीवर ठेवून पाहिल्या, मगच पुढच्या खेपा विकायच्या ठरवल्या. विकायचं तर अन्नसुरक्षेची नोंदणी लागते, ती काढली. जॅमचे नियम देशात १९५५ च्या फळ उत्पादन आदेशातही होते, २०११ पासून नवे नियम. साध्या जॅममध्ये ४५ टक्के फळ हवं, स्ट्रॉबेरीला २५ टक्क्यांची सूट आहे. आपल्याकडं फळ त्याहून कितीतरी जास्त असतं, ते लेबलवर मोठ्या अक्षरात लिहिलं.

मग हिशोबाची वही उघडली आणि भांडण झालं. फळ ३०० रुपये, साखर ९०, लिंबं-पेरू २०, बाटल्या २१०, पावणेदोन युनिट वीज धरून २०. झाले ६४०. सचिव ताई बेरीज मारणार, तेवढ्यात ज्या मावशी पूर्वी दुसऱ्याच्या घरी ढवळायला जायच्या त्या म्हणाल्या, “आक्का पाच तास हुभ्या होत्या, ते कुठं लिवलं?” कुणी म्हणालं, ते घरचंच काम की, कुकर तर आपोआप शिजवतो. कुणी म्हणालं, आक्का काय पैसे मागायल्यात का. आक्का खरंच मागत नव्हत्या. त्याच म्हणाल्या, राहू द्या. मावशींनी ऐकलं नाही. शेतात खुरपायला तासाला ४० रुपये पडतात, मग पातेल्यापाशी फुकट का?

दोन बैठका यावर गेल्या. शेवटी वहीत नवा रकाना आखला, त्याचं नाव ‘ढवळणं’. पाच तासांचे २०० रुपये. बाटलीचा खर्च ४६ वरून ६० वर गेला, विक्री ८० ला. बाजारात आम्हाला विचारतात, कंपनीचा एवढ्याला मिळतो, तुमचा ८० ला का? आम्ही वही सोबत ठेवतो आणि तो रकाना दाखवतो. काहीजणी हसून पुढं जातात, काहीजणी घेतात. दोन बाटल्या घेऊन रुसलेल्या त्या वहिनी मागच्या बाजारी आल्या होत्या. एकच बाटली घेतली, आधी उन्हात धरून, उलटी करून पाहिली, आणि मगच पिशवीत टाकली.